लोखंडाचा डाग

रविवारी रात्री सुभाषनगरात,
आमच्या दुकानाच्या माळ्यावर
चौघं बसतो आम्ही. मधे नकाशा, चहाचे कप,
वीस बाजूंचा फासा,
आणि खालून येणारा ओल्या कातड्याचा वास.
पहिल्याच रविवारी धैर्यशील म्हणाला होता,
"ड्रॅगन असाच वास मारत असणार बघ."
तेव्हापासून ड्रॅगन आमच्याकडंच राहतो.

खेळात मी निरंजना, शाई घोटणारी.
तलवार नाही, चिलखत नाही.
कमरेला सतरा कुप्या, कानामागं बोरू.
नियमांच्या पुस्तकात लिहिलंय:
मंत्रपटाची शाई, कुपी एक,
किंमत पन्नास मोहरा, वेळ एक रात्र.
पन्नास मोहरा!
पुस्तक लिहिणाऱ्यानं हिरडा बघितलेला नाही.

आमच्या कुंडीत हिरडा असतो आणि बाभळीची साल.
त्या पाण्यात कातडं निजतं
आणि उठतं तेव्हा त्याचं नाव चप्पल असतं.
बाबांचा घरात एकच कायदा,
कुंडीजवळ लोखंड न्यायचं नाही.
सहा वर्षांची असताना मी खिळा टाकला होता,
बुडतो का बघायला.
बुडाला.
सकाळी कातड्यावर तळहाताएवढी अमावास्या.
बाबांनी मारलं नाही.
डागाचा तुकडा कापून काढला आणि म्हणाले,
"हे आता कुणाच्या पायात जायचं नाही."

गेल्या महिन्यात इम्तियाजचा सरदार दगड झाला.
इंचभर सोंगटी ती,
पण चार दिवस गॅरेजात हा कुणाशी बोलला नाही.
दगड जागा करायचा मंत्र आठव्या पातळीचा.
मी पाचव्या.
म्हटलं, निदान शाई तरी खरी करू.

हिरडे कुटले, तीन दिवस भिजवले.
इम्तियाजनं गंजके नट आणले अर्धा डबा,
ते व्हिनेगरात घातले, वर ताटली झाकली.
प्राजूनं कळंब्याच्या वाटेवरून डिंक आणला,
बोटात काटा मोडून.
धैर्यशील मामाच्या गुऱ्हाळावर गेला,
काहिलीच्या बुडाची काजळी खरवडली,
चिमूटभर, लिहिताना दिसावं इतकीच.
अजून गुळाचा वास आहे तिला.
सगळं एकत्र केलं तर काय झालं,
वांगी धुतलेलं पाणी.

साच्यांच्या फळीमागं तो तुकडा सापडला.
डागाच्या उलट्या अंगाला, जिथं कातडं गव्हाळ होतं,
तिथं बोरूनं लिहिला सबंध मंत्र,
श्वास धरून, सात ओळी.
फासा टाकला.
एक.

धैर्यशीलनं पुस्तक मिटलं.
"शाई फिकी. अक्षरं उमटली नाहीत.
सरदार दगडच."
इम्तियाज सोंगटी उचलून खिशात घालत होता
तेवढ्यात बाबा वर आले, दिवा बंद करा म्हणायला.

तुकडा बघितला. उलटा केला, डाग बघितला.
पुन्हा सुलटा. नाकाशी नेला.
मग कडेला अंगठा दाबला जरासा,
कातडं भरलं का बघताना दाबतात तसा.
"डिंक कमी पडलाय," म्हणाले. "फुटंल."
मी गप्प.
"काय लिवलंयस?"
"दगडाला जागं करायचा मंत्र."
"मग घाई कसली करताय?
लोखंड रात्रभर चढतंय."
आणि दिवा बंद करायचं विसरून खाली गेले.

सकाळी सातला माळ्यावर गेले.
सात ओळी काळ्याकुट्ट,
इतक्या, की पाठीमागचा डाग जुना वाटावा.
दोन ठिकाणी फुटल्या होत्या, डिंकामुळं.
आणि शेवटी, सही करतात तिथं,
एक अंगठा.

धैर्यशीलला फोटो पाठवला.
नियम बघून सांगतो म्हणाला.
अजून बघतोय.